आधी क्रियापद, शेवटी क्रियापद: सेबुआनो आणि ओरोमो शेजारी ठेवून

सेबुआनो बोलणारा तोंड उघडतो तेव्हा पहिला शब्द बहुतेक वेळा क्रियापदाचा असतो. ओरोमो बोलणारा क्रियापदापाशी पोचतो तेव्हा वाक्य संपलेलं असतं. फिलिपिन्समधलं सेबू बेट आणि इथिओपियातला ओरोमिया प्रदेश यांच्यामध्ये अख्खा हिंदी महासागर पसरला आहे आणि या दोन भाषांचं एकमेकींशी दूरचंही नातं नाही. तरी त्या शेजारी ठेवून वाचाव्यात असं मला मनापासून वाटतं, आणि त्यातही मराठी माणसाने वाचाव्यात. मराठीच्या व्याकरणातून दोघींकडे जाणाऱ्या वाटा आहेत. इंग्रजीतल्या पाठ्यपुस्तकांवरून शिकताना त्या वाटा दिसतच नाहीत, आणि शिकणारा उगाच लांबच्या रस्त्याने दमत जातो.

सेबुआनो ऑस्ट्रोनेशियन कुळातली. मलय, हवाईयन, माओरी या तिच्या नातलग. पाच या आकड्याला सेबूत ‘लिमा’, मलयमध्ये ‘लिमा’, हवाईत ‘लिमा’. याच कुळातली मालागासी भाषा समुद्र ओलांडून मादागास्करला, म्हणजे आफ्रिकेच्या दारात जाऊन राहिली आहे. ओरोमो मात्र आफ्रो-आशियाई कुळातल्या कुशिटिक शाखेची. सोमाली तिच्या जवळची. अरबी, हिब्रू आणि इथिओपियातलीच अम्हारिक या लांबच्या बहिणी. सेबुआनो मातृभाषा असलेले लोक दोन कोटींच्या आसपास आहेत: सेबू, बोहोल, नेग्रोसचा पूर्व भाग, लेतेचा काही भाग आणि मिंदानाओचा बराचसा मुलूख. ओरोमो त्याहून मोठी. इथिओपियाच्या २००७ च्या जनगणनेत जवळजवळ अडीच कोटी लोकांनी, म्हणजे देशातल्या दर तीन माणसांतल्या एकाने, ती मातृभाषा म्हणून नोंदवली होती. केनियातले बोराना आणि ओर्मा लोक त्यापलीकडे.

आधी सेबुआनो क्रियापद जवळून पाहू, कारण सगळी गंमत तिथे आहे. ‘पालित’ हा विकत घेण्याचा धातू. ‘मिपालित आङ बाबाये ओग इस्दा सा मेर्कादो’ म्हणजे बाईने बाजारात मासे घेतले. ‘मि-’ हा उपसर्ग दोन गोष्टी सांगतो: क्रिया झाली आहे, आणि वाक्याचं बोट करणाऱ्याकडे आहे. ते बोट ज्याच्याकडे आहे त्याच्या आधी ‘आङ’ लागतं. ‘ओग’ म्हणजे कुठलेतरी मासे, ठरावीक नव्हेत. ‘सा’ ठिकाण दाखवतं. आता बोट माशांकडे वळवा: ‘गिपालित सा बाबाये आङ इस्दा’. ते मासे बाईने घेतले. ‘मि-’ जाऊन ‘गि-’ आला, ‘आङ’ माशांकडे गेलं, बाईला ‘सा’ लागलं. बोट बाजाराकडे वळवायचं तर ‘गिपालितान’, मग ‘आङ मेर्कादो’. ज्या पैशांनी घ्यायचे त्या पैशांकडे वळवायचं तर ‘इपालित’, मग ‘आङ क्वार्ता’. धातू एकच, पुढेमागे काय चिकटलं त्यावरून ऐकणाऱ्याला पहिल्याच शब्दात कळतं की पुढे कोणाबद्दल बोलणं आहे.

इंग्रजीतून शिकवणारे ‘गि-’च्या वाक्याला कर्मणी म्हणून मोकळे होतात आणि शिकणाऱ्याच्या डोक्यात ‘मासे बाईकडून विकत घेतले गेले’ असलं सरकारी वाक्य बसतं. मग तो ते वाक्य टाळायला लागतो. प्रत्यक्षात सेबूच्या बाजारात, घरात, गोष्टी सांगताना ‘गि-’ अखंड ऐकू येतं, कारण ठरावीक वस्तूचं काय झालं हे सांगायची ती साधी रीत आहे. मराठी माणसाला हे नव्याने शिकायलाच नको. आपण भूतकाळ सांगताना ‘मुलाने केळं खाल्लं’ म्हणतो. क्रियापद केळ्यामागे जातं, मुलगा ‘ने’ लावून बाजूला उभा राहतो, आणि कोणालाही ते वाक्य वळसा घेऊन आल्यासारखं वाटत नाही. ‘गिकाओन सा बाता आङ सागिङ’ हे थेट तेच. व्याकरणकार या दोन रचना एकच आहेत असं म्हणणार नाहीत, आणि ते बरोबर आहे; सेबुआनोत ही निवड भूतकाळापुरती नाही, भविष्यातही ‘मोकाओन’ आणि ‘कान-ओन’ असे दोन रस्ते आहेत. पण कानाला सवय होण्यासाठी आपला प्रयोग पुरेसा आहे.

चूक कुठे होते तेही सांगतो. ‘करणारा म्हणजे आङ’ असं एकदा डोक्यात बसलं की शिकणारा ‘गिपालित आङ बाबाये’ म्हणून जातो. त्याचा अर्थ बाईला विकत घेतलं असा होतो. म्हणून ‘आङ’ कधी सुटं शिकू नये. उपसर्ग आणि ‘आङ’ अशी जोडीच पाठ करावी: ‘मि-’ ‘मो-’ ‘नाग-’ आले की आङ करणाऱ्याला, ‘गि-’ किंवा शेवटी ‘-ओन’ आलं की आङ वस्तूला. आधी दहा धातूंवर हे दोन्ही बाजूंनी पक्कं करावं. शंभर नामं पाठ करून हाती काही लागत नाही. सेबूत नाम विसरलं तर बोट दाखवता येतं, उपसर्ग चुकला तर वाक्यच उलटं होतं.

नकारात सेबुआनो मराठीच्या फार जवळ येते. तिच्याकडे नकाराचे तीन शब्द आहेत. झालं नाही किंवा जवळ नाही यासाठी ‘वाला’. होणार नाही, किंवा अमुक म्हणजे तमुक नव्हे यासाठी ‘दिली’. आणि करू नको यासाठी ‘आयाव’. ज्याच्या भाषेत ‘नाही’, ‘नव्हे’ आणि ‘नको’ रोज वेगवेगळे वापरले जातात त्याला ‘आयाव’ची जागा समजवावी लागत नाही. अडचण पुढे आहे. ‘मिकाओन आङ बाता’ म्हणजे मूल जेवलं. नकार करताना ‘वाला मिकाओन’ म्हणता येत नाही. ‘वाला’ने भूतकाळ आधीच सांगून टाकला, म्हणून क्रियापद ‘मोकाओन’ होतं: ‘वाला मोकाओन आङ बाता’. ‘गिकाओन’चं तर रूपच बदलतं, ‘वाला कान-आ’. आणि मुलाऐवजी ‘तो’ किंवा ‘ती’ आली, म्हणजे ‘सिया’, तर ती उडी मारून पहिल्या शब्दाला जाऊन चिकटते: ‘वाला सिया मोकाओन’. ‘सिया’ला लिंग नाही. तो की ती हे सेबुआनो विचारतच नाही.

पण ‘आपण’ की ‘आम्ही’ हे ती आवर्जून विचारते. ‘किता’ म्हणजे तुला धरून आम्ही, ‘कामि’ म्हणजे तुला वगळून. बोलताना ‘ता’ आणि ‘मि’ अशी छोटी रूपं होतात. पाहुणा दारात उभा असताना ‘माङाओन ता’ म्हटलं तर चला जेवूया. ‘माङाओन मि’ म्हटलं तर आम्ही जेवणार आहोत, तुमचं तुम्ही बघा. युरोपीय भाषांतून आलेले विद्यार्थी इथे महिनोन्महिने अडखळतात. आपल्याला फक्त ‘आपण’च्या जागी ‘किता’ ठेवायचं आहे. ओरोमोत हा भेद नाही. तिथे ‘नुति’ एकच, त्यात ऐकणारा आहे की नाही हे प्रसंगावरून समजून घ्यायचं.

वाक्यात दुसऱ्या जागी येणारे बारीक शब्द हा सेबुआनोचा खरा जीव आहे, आणि पुस्तकं त्यांना शेवटच्या धड्यात ढकलतात याचं मला फार वाईट वाटतं. ‘मोआदतो कुनो सिया’: जाणार आहे म्हणे. ऐकीव गोष्टीची जबाबदारी झटकणारा आपला ‘म्हणे’ जसाच्या तसा. ‘इकाव दिआय!’ म्हणजे ‘अरे, तू होय!’ ‘ना’ म्हणजे झालंसुद्धा, ‘पा’ म्हणजे अजून, ‘बा’ म्हणजे का. हे पाच शब्द पहिल्या आठवड्यात घ्यावेत. मोडकंतोडकं बोलणंही यांच्यामुळे माणसाचं वाटतं.

आता ओरोमो. इथे मराठी वाचकाला वाक्याचा क्रम घरचाच लागतो: कर्ता, कर्म, शेवटी क्रियापद. ‘नमिचि गालऽ अर्गे’, त्या माणसाने उंट पाहिला. (ओरोमोत शेवटचा ऱ्हस्व ‘अ’ पूर्ण म्हणायचा असतो. मराठी जीभ तो गिळते, म्हणून इथे अवग्रह लावला आहे.) आता उंटाला कर्ता करा: ‘गाल्लि नमिचऽ अर्गे’. उंटाने त्या माणसाला पाहिलं. नीट पाहिलं तर ‘गालऽ’ आणि ‘नमिचऽ’ ही मूळ रूपं कर्माच्या जागी आली आहेत, आणि प्रत्यय कर्त्याला लागला आहे. आपण कर्माला ‘ला’ लावतो आणि ‘राम जातो’मध्ये कर्ता कोरा ठेवतो. ओरोमोत जाणाऱ्यालाही खूण लागते आणि कर्म कोरं राहतं. शब्दकोशात जे रूप सापडतं ते तसंच कर्ता म्हणून वापरणं ही नवशिक्याची पहिली चूक, आणि ती बरेच दिवस टिकते.

क्रियापदाच्या शेवटी माणूस, लिंग, संख्या सगळं येतं. जाणणे या धातूची वर्तमानातली रूपं अशी: मी बेकऽ, तू बेक्तऽ, तो बेकऽ, ती बेक्ति, आम्ही बेक्नऽ, तुम्ही बेक्तु, ते बेकु. ‘ती’च्या रूपातला त डोळ्यांत भरतो, स्त्रीलिंगाचा हाच त अरबीतही आहे, आणि कुळाची खूण म्हणून अभ्यासक त्याकडे बोट दाखवतात. ‘मी’ आणि ‘तो’ सारखेच दिसतात, म्हणून ‘मी’ असेल तेव्हा क्रियापदाआधीच्या शब्दाला ‘न’ जोडतात: कॉफी म्हणजे ‘बुनऽ’, आणि मी कॉफी पितो म्हणजे ‘बुनन ॾुगऽ’ (‘ॾ’चा उच्चार पुढे येईल). हा न ऐकू आला नाही तर बोलणारा स्वतःबद्दल बोलतोय की दुसऱ्याबद्दल हे कळत नाही. नकाराला ‘हिन’ पुढे लागतो आणि शेवट बदलतो: ‘हिन बेकु’ म्हणजे मला माहीत नाही. पण ‘बेकु’ हेच रूप होकारात ‘ते जाणतात’ असं होतं. त्यामुळे शेवट ऐकून निकाल लावू नये, आधी ‘हिन’ आला होता का ते पाहावं.

एका धातूतून शब्द कसे फुटतात ते बेक-वरच पाहता येतं. मध्ये ‘-अम’ घातला की बेकमु, माहीत होणे. ‘-सिस’ घातला की बेक्सिसु, माहीत करून देणे. त्यातून ‘बेक्सिसऽ’, म्हणजे जाहीर सूचना. ‘करणे’वरून ‘करवणे’ करणाऱ्या मराठीला ही चाल ओळखीची आहे, फक्त ओरोमोत ती फार लांबवर चालते. सेबुआनो हेच काम पुढून आणि अगदी शब्दाच्या पोटात शिरूनही करते. भाषेचं स्वतःचं नावच पाहा: बेटाचं जुनं नाव सुग्बो, त्यात पहिल्या व्यंजनानंतर ‘इन’ घुसवलं आणि पुढे प्रत्यय लावला की सिनुग्बोआनोन. सेबू आणि आसपासच्या बेटांवरच्या बिसाया लोकांची बोली ती बिनिसाया.

आणि एका ठिकाणी या दोन परक्या भाषा अचानक एकमेकींसमोर येतात. सेबुआनोत मोठा म्हणजे ‘दाको’. पुष्कळ गोष्टी मोठ्या असतील तर ‘दाग्को’. लहान ‘गामाय’, पुष्कळ असतील तर ‘गाग्माय’. ओरोमोत मोठा म्हणजे ‘गुद्दा’, अनेकवचनी ‘गुग्गुद्दा’. बहुतेक शब्द दोन्हीकडे असे वागत नाहीत, पण मोठं-लहान सांगणारी विशेषणं दोन्ही भाषांत शब्दाच्या पुढच्या टोकाला भरून अनेकवचनी होतात. आपल्या ‘मोठमोठी घरं’मध्ये हीच ऊर्मी आहे. कोणी कोणाकडून घेतलेलं नाही. पुष्कळ मोठ्या गोष्टी सांगताना शब्दही थोडा भरावा, असं तीन वेगळ्या कुळांतल्या माणसांना वाटलं, याचा मला दर वेळी नव्याने आनंद होतो.

उच्चारांत सेबुआनो सोपी आणि फसवी आहे. मुळात तीनच स्वर: इ, आ, उ. ए आणि ओ स्पॅनिश शब्दांबरोबर पक्के झाले, त्यामुळे एकाच शब्दात उ आणि ओ दोन्ही ऐकू येतात आणि कोणी हरकत घेत नाही. फसवतो तो घशातला अटकाव. तोंड न उघडता नकार देताना आपण ‘अं-अं’ करतो, तेव्हा मध्ये घसा क्षणभर बंद होतो, तोच. ‘वाला’च्या शेवटी तो असेल तर नाही, नसेल तर डावीकडे. लिहिताना सेबुआनो तो बहुतेक वेळा दाखवत नाही. ‘कान-ओन’सारख्या शब्दात मध्ये आडवी रेघ येते तेवढीच. ओरोमो मात्र त्याला स्वतंत्र खूण देते: ‘ज’अऽ’ म्हणजे सहा.

ओरोमोचे उच्चार कठीण आहेत आणि तिथे वेळ घालवायलाच हवा. स्वर पाच, पण प्रत्येक ऱ्हस्व आणि दीर्घ. ‘गलऽ’ म्हणजे तो घरी येतो, ‘गालऽ’ म्हणजे उंट. ‘लफऽ’ जमीन, ‘लाफा’ मऊ. व्यंजनाचं द्वित्वही अर्थ बदलतं: ‘बदा’ वाईट, ‘बद्दा’ उंचावरचा थंड मुलूख. पता आणि पत्ता वेगळे ऐकणाऱ्या कानाला हे जमतं. त्यानंतर येतात फुटीर व्यंजनं, जी मराठीत नाहीत. करून पाहायची रीत अशी: श्वास घ्या, घसा बंद करून श्वास रोखा, रोखलेल्या स्थितीतच जिभेने ‘क’ची जागा दाबा, आणि श्वास न सोडता जीभ सोडा. टक् असा कोरडा आवाज आला पाहिजे. तोंडासमोर कागदाची पट्टी धरली तर ‘ख’ला ती हलते, या ‘क’ला जवळजवळ हलत नाही. उलट दिशेचाही एक आवाज आहे, हवा आत ओढत केलेला ‘ॾ’. सिंधी बोलणाऱ्यांकडे तो जन्मापासून असतो, तेव्हा उल्हासनगरला कोणी ओळखीचं असेल तर त्यांच्याकडून ऐकून घ्यावा.

हे आवाज रोमन लिपीत लिहिण्याच्या ओरोमो पद्धतीला कुबे म्हणतात. तिच्यात मराठी माणूस हमखास दोन ठिकाणी घसरतो. डी आणि एच एकत्र दिसले की तो ‘ध’ वाचतो. तो असतो ‘ॾ’. पी आणि एच दिसले की ‘फ’ वाचतो. तो असतो फुटीर ‘प’. एक्स म्हणजे फुटीर ‘त’, क्यू म्हणजे फुटीर ‘क’, नुसता सी म्हणजे फुटीर ‘च’. स्वर दोनदा लिहिला की दीर्घ, व्यंजन दोनदा लिहिलं की द्वित्व. याला अपवाद जवळपास नाहीत, म्हणून कुबे दोन दिवसांत वाचता येते.

त्या लिपीमागे मोठा झगडा आहे. ओनेसिमोस नेसिब यांनी आस्तेर गन्नो यांच्या साथीने केलेलं बायबलचं ओरोमो भाषांतर १८९९ मध्ये छापलं गेलं, ते गीझ लिपीत, म्हणजे अम्हारिक जिच्यात लिहितात त्या इथिओपियाच्या जुन्या लिपीत. गीझमध्ये प्रत्येक व्यंजनाची सात रूपं. ओरोमोचे स्वर दहा, आणि द्वित्व दाखवायची सोयच नाही. शेख बक्री सपालो यांनी १९५०च्या दशकात ओरोमोसाठी वेगळी लिपीच तयार केली, पण ती पसरू दिली गेली नाही. सम्राटाच्या राजवटीत शाळा, कोर्ट, कचेरी सगळं अम्हारिकमध्ये होतं. ३ नोव्हेंबर १९९१ रोजी अदिस अबाबात एक हजाराहून जास्त ओरोमो मंडळी जमली आणि कुबेचा निर्णय झाला. त्यानंतर ओरोमियातल्या शाळांत मुलं ओरोमोतून शिकू लागली, आणि २०२० मध्ये ती केंद्र सरकारच्या कामकाजाच्या भाषांमध्ये घेतली गेली.

सेबुआनोला लिपीसाठी भांडावं लागलं नाही. १५२१ मध्ये मॅगेलनबरोबर आलेल्या पिगाफेत्ताने सेबूत ऐकलेल्या शब्दांची यादी रोमन लिपीतच करून ठेवली, आणि १९०१ मध्ये विसेंते सोत्तो यांचं ‘आङ सुगा’ हे सेबुआनो वर्तमानपत्रही निघालं. तिचं दुखणं वेगळं. १९३७ मध्ये राष्ट्रभाषेचा पाया म्हणून मनिलाकडची टागालोग निवडली गेली, तेव्हा सेबुआनो मातृभाषा असलेले लोक टागालोगवाल्यांपेक्षा जास्त होते. २०१२ पासून पहिल्या इयत्तांत मातृभाषेतून शिकवणं सुरू झालं. ऑक्टोबर २०२४ च्या कायद्याने ते बंधन काढून पुन्हा फिलिपिनो (म्हणजे टागालोगवरून घडवलेली राष्ट्रभाषा) आणि इंग्रजी आणली, मातृभाषा साहाय्यक म्हणून उरली. पुस्तकं कमी पडली, शिक्षकांची तयारी झाली नव्हती, अशी कारणं दिली गेली. मला हे पाऊल चुकीचं वाटतं. पुस्तकं नसतील तर पुस्तकं छापायची असतात.

प्रत्यक्ष वापरायला लागल्यावर उपयोगी पडतील अशा काही गोष्टी. ओरोमियात घड्याळ सूर्योदयापासून मोजतात. ‘स’आती तोक्को’, एक वाजता, म्हणजे आपले सकाळचे सात. भेटीची वेळ ठरवताना सहा तासांचा फरक धरावा, आणि शंका असेल तर सकाळ की दुपार हेही विचारून घ्यावं. सेबूत मोजायला ‘उसा, दुहा, तुलो’, पण वेळ सांगायला स्पॅनिश, ‘आलास त्रेस’. भावही पुष्कळदा स्पॅनिश आकड्यांत. दोन्ही माळा पाठ हव्यात.

कोश पाहताना सेबुआनो शब्दाचं डोकं सोलावं लागतं, ओरोमो शब्दाची शेपटी. १९७२ मध्ये कॉर्नेल विद्यापीठाकडून निघालेला जॉन वुल्फ यांचा कोश सेबुआनोसाठी अजून सगळ्यात भरवशाचा आहे, पण त्यात तीनच स्वर वापरले आहेत. ‘काओन’ शोधायचा तर तो ‘काउन’ म्हणून शोधावा लागतो. आणि कोशातला शब्द सेबू शहरात तसाच ऐकू येईल असंही नाही. तिथे दोन स्वरांमधला ‘ल’ गळतो: ‘वाला’चा ‘वा’ होतो, ‘बालाय’ म्हणजे घर, त्याचं ‘बाय’. बोहोलला गेलं की ‘य’च्या जागी पुष्कळदा ‘ज’ असतो, आणि ‘माआयो’, म्हणजे छान, ते ‘माआजो’ होतं.